गोल्डबर्ग व्हेरिएशन्स: कुणाचं रेकॉर्डिंग ऐकावं, आणि त्यात नेमकं काय ऐकावं?

तुमचे प्रश्न थोडक्यात असे. बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सची पियानोवादक ग्लेन गूल्डने केलेली दोन्ही रेकॉर्डिंग्ज तुम्ही ऐकलीत, पण पहिलं वेगवान आणि दुसरं संथ यापलीकडे फरक सांगता येत नाही. हार्प्सिकॉर्डवर, म्हणजे तार छेडून वाजणाऱ्या जुन्या कीबोर्ड वाद्यावर, हेच संगीत दहा मिनिटांत कान शिणवतं, मग जाणकार त्याचीच शिफारस का करतात? आणि पियानो शिकणारी मुलगी आता यातली आरिया, म्हणजे सुरुवातीची मूळ चाल, वाजवायला लागली आहे, तिला कुणाचं ऐकवावं? तिन्ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून क्रम थोडा बदलते आणि सुरुवात हार्प्सिकॉर्डपासून करते. तो कळला की गूल्डचे दोन्ही प्रयोग आपोआप उलगडतात.

आधी कृतीबद्दल आवश्यक तेवढं. बाखने ती १७४१ मध्ये न्यूरेम्बर्गच्या बाल्थासार श्मिडकडून छापून घेतली. दोन मॅन्युअलच्या हार्प्सिकॉर्डसाठी, म्हणजे पट्ट्यांच्या दोन रांगा एकीवर एक असलेल्या वाद्यासाठी ही रचना आहे, असं मुखपृष्ठावरच छापलं आहे. एक आरिया, तिच्यावर तीस व्हेरिएशन्स, म्हणजे तिची बदलती रूपं, आणि शेवटी तीच आरिया पुन्हा. गंमत अशी की व्हेरिएशन्स आरियाच्या वरच्या चालीवर नाहीतच. ती उभी आहेत खालच्या बेसवर आणि त्यातून निघणाऱ्या हार्मनीवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या मेळावर. त्यामुळे पहिल्या व्हेरिएशनमध्ये आरियाची चाल शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. दर तिसरं व्हेरिएशन कॅनन आहे: एका आवाजाने, म्हणजे एका स्वरधारेने, सुरू केलेली ओळ दुसरा आवाज मागून उचलतो. तिसऱ्या व्हेरिएशनमध्ये तो त्याच सुरावरून उचलतो, सहाव्यात लगतच्या पुढच्या सुरावरून, असं करत सत्ताविसाव्यात नवव्या सुरापर्यंत जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, छापील प्रतीत वादकाला सूचना जवळजवळ नाहीतच. पंधराव्यावर आंदान्ते (चालता, मध्यम वेग) लिहिलंय, बाविसाव्यावर अल्ला ब्रेव्हे (दोन लांब मात्रांत मोजणी), दहावं फुगेटा (छोटा फ्यूग, एकच ओळ आवाजांनी पाठोपाठ उचलायची रचना) आहे, सोळावं ओव्हर्चर (भारदस्त प्रारंभसंगीत) आहे, एवढंच. मोठ्याने, हळू, वाढवत, कमी करत अशी खूण नाही. प्रत्येक रेकॉर्डिंग म्हणजे या न लिहिलेल्या गोष्टींवर वादकाने घेतलेले निर्णय असतात. तुलना करायची ती त्या निर्णयांची.

आता हार्प्सिकॉर्ड. पट्टी दाबली की आतली नखी तार छेडते. पट्टी कितीही जोरात मारा, तार तेवढीच छेडली जाते. आपल्या पेटीवरून हे चटकन कळेल. पेटीची पट्टी दणकन दाबली म्हणून सूर मोठा होत नाही, आवाज कमीजास्त होतो तो भात्यावर. हार्प्सिकॉर्डला भाताही नाही. एखादा सूर शेजारच्या सुरापेक्षा ठळक करायचा तर वादकाच्या हातात ताकद नसते, वेळ असते. सूर किंचित उशिरा लावायचा. त्याच्या आधीचा सूर लवकर सोडून मध्ये बारीकशी फट ठेवायची, म्हणजे नंतरचा सूर वजनदार वाटतो. उलट एका सुरावर दुसरा येईपर्यंत बोट दाबून ठेवायचं, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि वाद्य गातं. दोन हात एकदम न पडता केसभर मागेपुढे पडू द्यायचे. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर, एकदम न वाजवता खालून वर उलगडायची, आणि ती किती सावकाश उलगडायची तेही ठरवायचं. हार्प्सिकॉर्डची सगळी अभिव्यक्ती यातून येते.

म्हणून कान शिणतात त्याचं पहिलं कारण असं की पियानो ऐकायची सवय झालेला कान सतत आवाजातले चढउतार शोधतो, ते सापडत नाहीत, आणि त्याला सगळं एकसुरी वाटतं. त्याने सुरांमधल्या फटी ऐकायला हव्यात. दुसरं कारण अगदी साधं, पण बहुतेकांच्या लक्षात येत नाही: आवाज फार मोठा ठेवलेला असतो. खरा हार्प्सिकॉर्ड खोलीत फारसा मोठा वाजत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये माइक जवळ असतो आणि आपण पियानोच्या सवयीने आवाज चढवतो. मग दर सुराला नखीचा टोकदार आवाज कानात घुसतो. बोलण्याच्या आवाजाहून किंचित खाली ठेवून बघा. शक्य असेल तर हेडफोन काढा आणि खोलीतल्या स्पीकरवर ऐका. तिसरं कारण म्हणजे आजचे बहुतेक हार्प्सिकॉर्डवादक वाद्य ४१५ हर्ट्झच्या ए वर लावतात, म्हणजे पियानोच्या ४४० पेक्षा साधारण अर्धा सूर खाली. पियानोवरचा ट्रॅक संपताच लगेच हार्प्सिकॉर्डचा लावला की तो उतरलेला, मलूल वाटतो. मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

हे झालं की हार्प्सिकॉर्डवादक गुस्टाफ लिओनहार्टचं १९७६ चं रेकॉर्डिंग घ्या आणि फक्त आरियाचा पहिला बार, म्हणजे पहिलं तालाचं आवर्तन, ऐका. वरच्या ओळीत पहिल्याच दोन मात्रांना एकच सूर दोनदा येतो, जी आणि पुन्हा जी. कोणत्याही कीबोर्डवर तोच सूर पुन्हा वाजवायचा तर आधीचा सोडावाच लागतो. प्रश्न एवढाच की किती आधी सोडायचा. आरियाची चाल साराबांद या जुन्या नृत्याची आहे, तीन मात्रांची, आणि साराबांदमध्ये वजन दुसऱ्या मात्रेवर झुकतं. पहिला जी शेवटपर्यंत धरला तर दुसरा नुसता पुढे चालू राहिल्यासारखा वाटतो आणि नाच जातो. पहिला थोडा आधी सोडला आणि दुसरा क्षणभर रोखून लावला, तर दुसऱ्या मात्रेवर पाऊल पडतं. दोन सुरांतल्या या एका फटीत वादकाचं सगळं वळण दिसतं. लिओनहार्टकडे डावा हात आणि उजवा हात पुष्कळदा वेगवेगळ्या क्षणी पडतात, आणि त्या मागेपुढे पडण्यातून चाल बोलायला लागते. पहिल्यांदा ऐकताना हात जुळत नाहीत की काय असं वाटेल. तीनचार वेळा ऐका. नंतर दोन्ही हात काटेकोर एकदम पाडणारी रेकॉर्डिंग्ज तुम्हाला अबोल वाटायला लागतील.

लिओनहार्टने ही कृती तीनदा रेकॉर्ड केली, १९५३ मध्ये, १९६५ मध्ये आणि १९७६ मध्ये. तिसरी सर्वांत मोकळी आहे. त्याच्याकडे शिकलेल्या पिएर हांताईचं १९९२ चं रेकॉर्डिंग ही माझी हार्प्सिकॉर्डवरची पहिली निवड आहे. गुरूकडून आलेलं सुरांचं बोलणं त्याच्याकडे आहेच, वर एक रसरशीत चपळाई आहे. तुमच्यासारख्या पियानोकडून आलेल्या श्रोत्याला लिओनहार्ट कदाचित कोरडा वाटेल, हांताई वाटणार नाही. ट्रेव्हर पिनॉकचं १९८० चं रेकॉर्डिंगही चांगलं आणि सरळ आहे. ते १६४६ च्या रुकर्स हार्प्सिकॉर्डवर केलेलं आहे आणि त्या जुन्या वाद्याचा भरदार आवाज ऐकण्यासाठी तरी एकदा लावाच.

वांडा लांडोव्स्काबद्दल मुद्दाम सांगायला हवं. हार्प्सिकॉर्डवर ही अख्खी कृती पहिल्यांदा रेकॉर्ड केली ती तिने, १९३३ मध्ये पॅरिसला. १९४५ मध्ये अमेरिकेत पुन्हा केली. पण तिचा हार्प्सिकॉर्ड म्हणजे पॅरिसच्या प्लेयेल कंपनीने विसाव्या शतकात बनवलेलं अवजड वाद्य: लोखंडी चौकट, पायाने बदलता येणारे स्टॉप (आवाजाचा रंग बदलणाऱ्या कळा), आणि एक सप्तक खाली घुमणारा सोळा फुटी स्टॉप. बाखच्या काळातल्या लाकडी, हलक्या वाद्यांच्या प्रतिकृती पुढे सर्वत्र आल्या, आणि तेव्हापासून प्लेयेलला नाकं मुरडायची पद्धत पडली. मला ते अन्यायाचं वाटतं. वाद्य बाखच्या काळातलं नाही हे खरं, पण लांडोव्स्काची लयीची पकड अशी आहे की वाद्याचा विचार मागे पडतो. तिचं १९३३ चं रेकॉर्डिंग खरखरीसकट ऐकण्याजोगं आहे.

आता वेळेच्या आकड्यांबद्दल, कारण गूल्डकडे जाण्याआधी एक घोटाळा दूर करायला हवा. गूल्डचं १९५५ चं रेकॉर्डिंग साधारण साडेअडतीस मिनिटांचं, १९८१ चं एक्कावन्न मिनिटांचं. रोझलिन ट्युरेकचं १९५७ चं पियानोवरचं रेकॉर्डिंग दीड तासाच्या घरात जातं, आणि जाँ राँदोने २०२२ मध्ये हार्प्सिकॉर्डवर काढलेलं सुमारे पावणेदोन तासांचं आहे. हे आकडे बघून लोक कोण किती जलद वाजवतो याचे तक्ते करतात. तसे तक्ते करून काही कळत नाही, कारण आरिया आणि प्रत्येक व्हेरिएशन दोन भागांचं आहे आणि प्रत्येक भाग पुन्हा वाजवायची खूण बाखने दिली आहे. ती सगळी पाळली तर वेळ दुप्पट. गूल्डने १९५५ मध्ये एकही रिपीट घेतला नाही. लिओनहार्टनेही १९७६ मध्ये घेतले नाहीत, म्हणून त्याचा संथ वाटणारा प्रयोग पाऊण तासाच्या थोडं पुढे जाऊन संपतो. पियानोवादक आंद्राश शिफ आणि मरे पेराया, तसाच हांताई, हे रिपीट घेतात आणि सत्तर ते ऐंशी मिनिटांत संपवतात. म्हणजे प्रत्यक्ष वेगात लिओनहार्ट त्यांच्याहून संथ आहे, घड्याळ काहीही सांगो.

रिपीट घेतले की पुढचा प्रश्न येतो: दुसऱ्यांदा काय वेगळं करणार? बाखच्या काळी पुनरावृत्तीत वादकाने स्वतःचे अलंकार घालावेत अशी अपेक्षा असे. पण बाख आपले अलंकार बहुतेक ठिकाणी स्वतःच लिहून ठेवतो, त्यामुळे वर आणखी घातले की गर्दी होते. हे तोलणं अवघड असतं. दुसऱ्या वेळी हुबेहूब तेच वाजवणारा वादक माझा वेळ घेतो असं मला वाटतं. शिफचा २००१ मध्ये बाझेलला प्रेक्षकांसमोर केलेला प्रयोग यात उत्तम आहे. रिपीटमध्ये एखादी ट्रिल (शेजारच्या दोन सुरांची जलद अदलाबदल) लांबवणं, आतला आवाज वर आणणं, सुरांचं जोडणं-तोडणं बदलणं, असे फरक तो करतो. प्रत्येक फरक लहान, पण नेमक्या जागी.

आता गूल्ड. जून १९५५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत हे रेकॉर्ड केलं. १९८१ च्या वसंतात तो त्याच स्टुडिओत परत आला. पहिल्या वेळी स्टाइनवे पियानो होता, दुसऱ्या वेळी यामाहा. दुसरं रेकॉर्डिंग सप्टेंबर १९८२ मध्ये बाजारात आलं आणि ४ ऑक्टोबरला, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, गूल्ड गेला. या योगायोगामुळे दुसऱ्या रेकॉर्डिंगला निरोपाचं वलय आलं आणि सगळे त्यात मृत्यूची चाहूल ऐकायला लागले. ते बाजूला ठेवा.

आरियाच्या वेळेत फरक मोठा आहे हे मान्य. १९५५ मध्ये ती एक मिनिट त्रेपन्न सेकंदांची आहे, १९८१ मध्ये तीन मिनिटं पाच सेकंदांची, आणि दोन्हीत रिपीट नाही. (स्ट्रीमिंगवर कोणतं रेकॉर्डिंग लागलं आहे ते कळत नसेल तर पहिल्या ट्रॅकची लांबी बघा. आणि १९५५ च्या रेकॉर्डिंगवरून संगणकाच्या साहाय्याने आजच्या पियानोवर पुन्हा वाजवून घेतलेली एक आवृत्ती सोनीने २००७ मध्ये काढली आहे, ती त्यात मिसळू नका. मूळ १९५५ चं मोनो आहे.) पण आता पंचविसावं व्हेरिएशन लावा, सगळ्या कृतीतलं सर्वांत दुखरं. लांडोव्स्का त्याला काळा मोती म्हणे. १९५५ मध्ये ते साडेसहा मिनिटांच्या आसपास आहे, १९८१ मध्ये सहा मिनिटांच्या. म्हणजे तरुण गूल्ड इथे प्रौढ गूल्डपेक्षा संथ आहे. हिशोब करून बघा: बत्तीस बार, प्रत्येकी तीन मात्रा, म्हणजे शहाण्णव मात्रा साडेसहा मिनिटांत. एका मात्रेला चार सेकंद. इतक्या लांब मात्रेत लय कोसळायला हवी, आणि ती कोसळत नाही.

मग फरक कशात आहे? १९५५ चा गूल्ड प्रत्येक व्हेरिएशनला स्वतंत्र स्वभाव देतो. जलद ते शक्य तितकं जलद, संथ ते शक्य तितकं संथ, आणि एकातून दुसऱ्यात उडी. १९८१ मध्ये त्याने सगळ्या कृतीखाली एक धागा धरला. एका व्हेरिएशनची मात्रा पुढच्या व्हेरिएशनच्या मात्रेशी साध्या प्रमाणात, दुप्पट, निम्मी, दीडपट अशी बांधायची, म्हणजे वेग बदलला तरी खालचा ठोका तुटत नाही. हे ऐकायचं तर ट्रॅक सुटे ऐकून चालणार नाही. एक व्हेरिएशन संपताना पायाने ठेका धरा आणि पुढचं सुरू झाल्यावर तोच ठेका त्यात कुठे बसतो ते शोधा. आठदहा जोड्या करून पाहिल्यात की १९८१ चं रेकॉर्डिंग संथ आहे हे वाक्य तुम्ही स्वतःच सोडून द्याल. रिपीटबाबतही त्याने विचार बदलला. कॅनन आणि तशाच काटेकोर बांधणीच्या व्हेरिएशन्सचा पहिला भाग दुसऱ्यांदा वाजवला, बाकीचे नाही. जिथे आवाजांची गुंफण दाट, तिथे श्रोत्याला दुसरी संधी.

१९८२ मध्ये टिम पेज या समीक्षकाशी बोलताना गूल्डने आपल्या जुन्या पंचविसाव्यावर टीका केली होती. ते त्याला शोपाँच्या नॉक्टर्नसारखं, म्हणजे रात्रीच्या हळव्या पियानोरचनेसारखं, वाटू लागलं होतं. त्याचं म्हणणं मला पटतं. जुन्यात प्रत्येक सुराला स्वतंत्र दाब आहे, भावना वर तरंगते. नव्यात बेस पुढे चालत राहतो आणि वरची चाल त्याच्यावर टेकून दुःख सांगते. १९५५ चा झपाटा मला आजही आवडतो, पाचव्या व्हेरिएशनमधली हातांची पळापळ थक्क करते. पण घरात एकच ठेवायचं असेल तर मी १९८१ चं ठेवीन. त्याची गुणगुण दोन्हीकडे ऐकू येते, तिला इलाज नाही.

हेच पंचविसावं हार्प्सिकॉर्डवर ऐका म्हणजे वाद्य वेग कसा ठरवतं ते कळेल. तिथे छेडलेली तार लवकर विझते, चार सेकंदांच्या मात्रेत सूर संपून रिकामी जागा उरेल. म्हणून हार्प्सिकॉर्डवादक ते पुढे सरकतं ठेवतात आणि लांब सुरांना अलंकारांनी, कॉर्ड उलगडून जिवंत ठेवतात. गूल्डचा वेग पियानोमुळेच शक्य आहे.

सातव्या व्हेरिएशनची गोष्ट तर तुलनेसाठी बनवल्यासारखी आहे. १९७४ मध्ये स्ट्रासबुर्गला बाखची या कृतीची स्वतःची छापील प्रत सापडली. त्यात त्याने हाताने दुरुस्त्या केल्या होत्या आणि मागच्या बाजूला आरियाच्या बेसच्या पहिल्या आठ सुरांवर चौदा कॅनन लिहिले होते. ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्या प्रतीत पंचविसाव्यावर आदाज्यो (संथ) लिहिलेलं आहे, आणि सातव्यावर जिगच्या वेगात. तोपर्यंत पुष्कळ वादक सातवं झुलत्या, मेंढपाळी सिसिलियानोसारखं घेत असत. जिग हा उड्यांचा नाच. त्यामुळे एखादं जुनं रेकॉर्डिंग आणि १९८० नंतरचं एखादं शेजारीशेजारी लावलंत की तोच कागद दोन वेगळे नाच होऊन येतो. अर्थात जिगही एका प्रकारचा नव्हता. इटालियन जिग पळतो, फ्रेंच जिग टेचात पावलं टाकतो, आणि इथे फ्रेंच असावा असं पियानोवादक अँजेला ह्यूइट मानते. मलाही तेच पटतं, कारण या व्हेरिएशनमधल्या टोकदार डॉटेड (एक लांब, एक आखूड सुराच्या) लयीला जास्त पळवलं की अलंकार चुरगळतात.

गोल्डबर्ग या नावामागची गोष्ट तुम्हाला माहीत असेल: झोप न येणाऱ्या काउंट कायझरलिंगसाठी बाखने हे लिहिलं आणि त्याचा तरुण वादक योहान गॉटलिब गोल्डबर्ग रात्री ते वाजवायचा. ही गोष्ट फोर्केलच्या १८०२ मधल्या बाखचरित्रातून आली. १७४१ च्या छापील प्रतीत काउंटला अर्पण केल्याचा उल्लेख नाही आणि गोल्डबर्ग तेव्हा चौदा वर्षांचा होता. ती खरी असो नसो, तिच्यामुळे या कृतीला निजवणारं संगीत समजून काही वादक सगळं मऊ, गुळगुळीत करून टाकतात, त्याचा मला राग येतो. शेवटच्या तिसाव्या व्हेरिएशनमध्ये बाखने दोन लोकगीतं गुंफली आहेत, त्यातलं एक कोबी आणि सलगम खाऊन वैतागलेल्या माणसाचं आहे. हे संगीत खळखळून हसतं.

पियानोवरच्या इतर रेकॉर्डिंग्जबद्दल. शिफ बाख वाजवताना पेडल वापरत नाही, हे तो उघड सांगतो. सूर जोडायचे तर बोटांनीच जोडायचे, म्हणजे हार्प्सिकॉर्डवादकाचीच शिस्त, वर पियानोचे चढउतार. पेराया २००० च्या रेकॉर्डिंगमध्ये बेस कुठे निघाला आहे ते कधी विसरत नाही. नव्वदच्या दशकात अंगठ्याच्या दुखण्याने त्याला वाजवणं थांबवावं लागलं होतं आणि त्या काळात तो बाखमध्ये बुडाला, त्याचं फळ इथे ऐकू येतं. ट्युरेक प्रत्येक आवाजाला वेगळा स्पर्श देते. गूल्डने तिचा प्रभाव मान्य केला होता. अभ्यासासाठी ती अनमोल आहे, पण सुरुवातीला दीड तास बसवणार नाही. व्हिकिंगुर ओलाफसनचं २०२३ चं गूल्डच्या वाटेवरचं, झगझगीत स्वच्छ. मला जलद व्हेरिएशन्समध्ये तो फार आवडतो, संथांत कमी.

पियानोचा खरा फायदा कॅननमध्ये आहे. तिसऱ्या व्हेरिएशनमध्ये दोन्ही वरचे आवाज एकाच उंचीच्या सुरांत एकमेकांना ओलांडत राहतात. हार्प्सिकॉर्डवर ते एकाच रंगाचे, कोण कुठे आहे ते कानाने हुडकायचं. पियानिस्ट एकाला किंचित पुढे आणून वाट दाखवू शकतो. तोटा त्याच जागी आहे: काही पियानिस्ट मागून येणारा आवाज दर वेळी ठासून दाखवतात, जणू श्रोत्याला समजणारच नाही. उलट दोन मॅन्युअलसाठी लिहिलेल्या व्हेरिएशन्समध्ये, विशेषतः आठवं, विसावं, सव्वीसावं, पियानिस्टचे हात एकाच रांगेत एकमेकांवर आदळतात. हार्प्सिकॉर्डवर ते दोन मजल्यांवर निवांत फिरतात आणि दोन रंगांत ऐकू येतात. सत्ताविसाव्यात तर फक्त दोनच ओळी आहेत, खाली बेस नाही. ते हांताईचं ऐका आणि मग कोणत्याही पियानोवरचं.

तुलना करताना अख्खी कृती लागोपाठ दोनदा ऐकू नका, काही लक्षात राहत नाही. आरिया, तिसरं, सातवं आणि पंचविसावं ही चार निवडा आणि तीन रेकॉर्डिंग्जमधून ऐका: लिओनहार्ट किंवा हांताई, गूल्ड १९८१ आणि शिफ २००१. प्रत्येक वेळी आवाज सारखा करून घ्या. ज्याचा आवाज थोडा मोठा तोच कानाला सरस वाटतो, आणि ती फसवणूक अनुभवी कानांचीही होते.

आता मुलीबद्दल. गूल्डचं कोणतंही नको, निदान आरिया बसेपर्यंत. त्याचे वेग मुलं लगेच उचलतात आणि त्यामागची ठेक्याची बांधणी त्यांना अजून ऐकू येत नाही. पियानोवादक विल्हेल्म केम्फचं १९६९ चंही आत्ता नको. तो आरियातले बाखचे बहुतेक अलंकार गाळून साधी चाल वाजवतो. ती सुंदर आहे, पण मुलीला परीक्षेला किंवा वर्गात छापलेलं वाजवायचं आहे. पियानोवरचा नमुना म्हणून ह्यूइट किंवा पेराया द्या. अलंकारांसाठी लिओनहार्ट. बाखने १७२० मध्ये थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, सुरू केलेल्या वहीत अलंकारांचा छोटा तक्ता दिला आहे, तो तिच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत बहुधा असेलच. त्यात दिसेल की ट्रिल वरच्या सुरापासून सुरू होते आणि मात्रेवरच पडते, मात्रेच्या आधी नाही. हे एक जरी पक्कं झालं तरी आरियाचा निम्मा गोंधळ मिटतो.

सरावाला असा क्रम ठेवा. आधी फक्त डावा हात, बेसचे पहिले आठ सूर गात गात: जी, एफ शार्प, ई, डी, बी, सी, डी, जी. मग दोन्ही हात, पण अलंकार सगळे काढून. मग एकेक अलंकार परत. आपल्याकडे खऱ्या हार्प्सिकॉर्डला हात लावायला मिळणं दुर्मीळ, पण घरी डिजिटल पियानो असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी बंद करता येते, म्हणजे पट्टी कशीही दाबा, आवाज एकसारखा. ती बंद करून तिला आरियाचे पहिले आठ बार वाजवायला सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. दुसरी मात्रा वजनदार वाटली पाहिजे, जोर न लावता. सुरुवातीला तिला ते जमणार नाही. ती पहिला जी थोडा आधी सोडून बघेल, मग दुसरा किंचित रोखून बघेल. जमलं की सेटिंग पुन्हा चालू करायचं आणि तीच फट तशीच ठेवून वाजवायचं.